न मोजलेली हवा : सेन्सर, एअर फिल्टर आणि पेट्रोलचं मिश्रण, गोव्यातल्या गाड्यांसाठी

पावसाळा सरला की फोंड्यापासून म्हापशापर्यंत गॅरेजांत एकाच धर्तीच्या तक्रारी यायला लागतात. गाडी पिकअप देत नाही, सकाळी आयडलिंगला थरथरते, अ‍ॅव्हरेज पडलं, चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलाय. बरेचदा मालकाने निदानही ठरवून आणलेलं असतं: ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ किंवा ‘मोकळा फिल्टर बसवा, गाडी श्वास घेत नाही’. सेन्सर चार-पाच हजारांना पडतो, तो बदलला तरी दिवा पुन्हा पेटतो, आणि मग माणूस गाडीलाच नावं ठेवायला लागतो.

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे. चारचाकी आणि बीएस६ दुचाकी दोन्ही. माझं म्हणणं एकच आहे. इंजिनात जाणारी हवा मोजली गेली, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बाकीचं सांभाळून घेतो. जी हवा न मोजता आत शिरते, किंवा चुकीची मोजली जाते, तिथून मिश्रण बिघडतं. म्हणून काहीही बदलण्याआधी आकडे वाचायचे. आकडे कुठून मिळतात आणि कसे वाचायचे, ते आता बघू.

ईसीयूचा हिशोब

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. इथेनॉलला मात्र किलोमागे ९ किलोच हवा पुरते, त्यामुळे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं प्रमाण साधारण १४.१ वर आणि २० टक्केवाल्याचं १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे १० टक्क्यांच्या पेट्रोलवर बेतलेल्या गाडीत आज २० टक्क्यांचं पेट्रोल भरलं, तर तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ही गोष्ट पुढे आकडे वाचताना उपयोगी पडेल.

हवा किती आली, हे ईसीयूला तीन वाटांनी कळतं. पहिली वाट मॅफ सेन्सरची. फिल्टरनंतरच्या नळीत एक बारीक तापलेली तार किंवा पट्टी असते. हवा तिला थंड करते, ती ठरलेल्या तापमानावर ठेवायला जितका करंट लागतो त्यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. दुसरी वाट मॅप सेन्सरची. हा हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. त्यात हवेचं तापमान सांगणारा आयएटी सेन्सर आणि इंजिनाचा आरपीएम मिळवून ईसीयू हवेचं वजन काढतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हीच पद्धत आहे. तिसरी वाट बाईकमध्ये दिसते: थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय आणि आरपीएम किती आहे, एवढ्यावर कारखान्यातच भरून ठेवलेल्या तक्त्यातून पेट्रोलचा आकडा उचलायचा. कमी थ्रॉटलला अनेक बाइक मॅप सेन्सरचाही आधार घेतात, पण मूठ जास्त पिळली की भिस्त त्या तक्त्यावर.

या अंदाजाने पेट्रोल दिल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. साध्या, अरुंद पट्ट्याच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होतो. ०.४५ च्या वर रिच, खाली लीन. ईसीयू त्यावरून तात्पुरती दुरुस्ती करतो, तिला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. तीच दुरुस्ती वारंवार करावी लागली तर तो ती आठवणीत साठवतो. ती लाँग टर्म ट्रिम. ट्रिम अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, कारण त्याला लीन दिसतंय. ट्रिम उणे म्हणजे तो पेट्रोल कापतोय.

आता मुद्द्याची गोष्ट. ही दुरुस्ती सतत चालू नसते. इंजिन थंड असताना, ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापेपर्यंत, आणि साध्या सेन्सरच्या गाड्यांत पूर्ण रेस दिल्यावरही ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघत नाही. पूर्ण रेसला तो मुद्दाम रिच मिश्रण देतो, शुद्ध पेट्रोलच्या १४.७ च्या मापात साधारण १२.५ ते १३, कारण ताकद तिथे मिळते आणि पिस्टन-व्हॉल्व्ह थंड राहतात. म्हणजे सगळ्यात जास्त ताण असतो, नेमकं तेव्हा चूक सुधारायला कोणी नसतं. शहरात सुरळीत चालणारी गाडी अनमोडच्या चढावर नॉक करते (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठकठक होते), त्यामागे बरेचदा हेच असतं.

इथली हवा, इथलं मीठ, इथली धूळ

गोव्यात आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे हवेचा दाब चांगला मिळतो, १००–१०१ किलोपास्कल. पण पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की त्या दाबातले जवळपास ४ किलोपास्कल निव्वळ वाफेचे असतात. मॅफ आणि मॅप दोघेही ही वाफ हवा म्हणूनच मोजतात. ऑक्सिजन मात्र तितका कमी. म्हणून जुलैत ट्रिम दोन-चार टक्क्यांनी उणेकडे सरकली, तर घाबरू नका, गाडी बरोबर काम करते आहे.

साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढलात तर सुमारे ८०० मीटर उंचीवर दाब ९२ किलोपास्कलवर येतो. हवा नऊ टक्के कमी. इंजेक्शनची गाडी हे ओळखते आणि पेट्रोल घटवते. ताकद कमी होते, मिश्रण बिघडत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या बाइक मात्र वर गेल्यावर चार-पाच टक्के रिच होतात, तेव्हा जड वाटणं साहजिक आहे.

मला जास्त काळजी मिठाची वाटते. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा भागात रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर धरतो. इंजिनाच्या कूलंटचं आणि हवेचं तापमान सांगणारे सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारे रेझिस्टर. नेहमीच्या जातीचा सेन्सर घेतला तर २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ६० अंशांना ६०० आणि ८० अंशांना ३२० ओहम दाखवतो. आता पिनेवरच्या गंजाने फक्त २८० ओहम वाढवले, तर ८० अंशांवरचं इंजिन ईसीयूला ६० अंशांचं दिसतं. तो गाडी अजून गार आहे असं समजून पेट्रोल जास्त देतो. प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि स्कॅनरवर दोषाचा एकही कोड येत नाही, कारण ६० अंश हा आकडा त्याच्या दृष्टीने खरा असू शकतो. असे दोष हातात आकडे घेतल्याशिवाय सापडत नाहीत.

डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात खनिजाची आणि जांभ्याची लाल धूळ. ती पिठासारखी बारीक असते. फिल्टरच्या खोक्याचं झाकण एका क्लिपने जरी उघडं राहिलं तरी ती आत शिरते, मॅफच्या तारेवर बसते आणि सिलिंडरही घासते. शिवाय आपल्याकडे उंदीर, मुंग्या आणि मातीची घरटी करणारी कुंभारीण. बंद घरात पार्क केलेल्या, वर्षातून एकदा सुट्टीला वापरल्या जाणाऱ्या गाड्यांच्या एअरबॉक्समध्ये काय काय सापडतं ते विचारू नका. फिल्टर कुरतडलेला असला तर तो आधी बदला आणि मगच इंजिन चालू करा.

लागणारं सामान

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (ईसीयूचे आकडे वाचायची जागा) बसणारा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर त्याचं अ‍ॅप. फार स्वस्त नक्कल घेऊ नका, ती मध्येच तुटते आणि आकडे उशिरा दाखवते. बऱ्याच बीएस६ दुचाकींना सहा पिनांचं सॉकेट असतं, त्यासाठी जोडवायर वेगळी मिळते. एक बरा मल्टिमीटर, मॅफसाठीचाच क्लीनर, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर, पाण्याचा फवारा, वही आणि पेन. वही हवीच. फोनमधले स्क्रीनशॉट महिन्याभराने सापडत नाहीत.

पायरी १ : सकाळची थंड नोंद

गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी चावी ऑनवर करा, इंजिन सुरू करू नका. तीन आकडे लिहा: कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, मॅपचा दाब. दोन्ही तापमानं एकमेकांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या दोन-चार अंशांत हवीत. एक २७ आणि दुसरं १९ दाखवत असेल, तर कमी दाखवणाऱ्याचा कनेक्टर काढून पिना बघा. मॅपने किनाऱ्यालगत १०० च्या आसपास दाखवायला हवं. ९४ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची ५ व्होल्टची वायर संशयास्पद.

या तपासणीला पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य. तरी कोणी करत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

थ्रॉटलचा सेन्सरही इथेच बघून घ्या. साध्या प्रकारात बंद असताना ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास, मधे कुठेही उडी न मारता.

पायरी २ : गरम इंजिनाची नोंद

गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, एसी बंद ठेवा. मग उभ्या गाडीत दोन स्थितींत दोन्ही ट्रिम लिहा: आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून. दोन्ही ट्रिमची बेरीज महत्त्वाची. उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत गेली तर कारण शोधावं, २० च्या पुढे गेलं की लवकरच पी०१७१ म्हणजे लीन किंवा पी०१७२ म्हणजे रिच हा कोड येणार. २० टक्क्यांचं पेट्रोल भरणाऱ्या जुन्या गाडीत अधिक ४ ही सुरुवातीची रेषा धरा, तिथून पुढे मोजा.

वाचायचं असं. मॅफवाल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम अधिक १५ आणि २,५०० ला अधिक ३ असेल, तर मॅफच्या पुढे कुठेतरी हवा गळून आत येते आहे. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, म्हणून भोकातून शिरलेली हवा टक्केवारीत मोठी दिसते. रेस दिली की तीच हवा नगण्य होते. उलट आयडलिंगला ठीक आणि रेसबरोबर ट्रिम अधिक होत जात असेल तर दोन संशयित: मॅफ कमी मोजतोय किंवा पेट्रोल पंप-फिल्टर पुरेसं पेट्रोल देत नाही. दोन्ही ठिकाणी ट्रिम उणे असेल, तर गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), वाढलेला पेट्रोलचा दाब किंवा मघाशी सांगितलेला ‘थंड’ खोटा आकडा.

मॅपवाल्या गाडीत गळती वेगळी दिसते, आणि इथे अनुभवी मेकॅनिकही फसतात. गळतीने मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅप तो वाढलेला दाब प्रामाणिकपणे सांगतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो. म्हणजे ट्रिम फारशी हलत नाही. आयडलिंग मात्र चढून बसतं. गरम आयडलिंगला मॅप ३० ते ४० किलोपास्कल असायला हवा. ५० दिसत असेल तर गळती, व्हॉल्व्हचं टायमिंग किंवा तुंबलेला सायलेन्सर तपासा.

ऑक्सिजन सेन्सरवर संशय घेण्याआधी एक बघा: सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टची गॅस्केट फुटलेली नाही ना? तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन सांगतो, ईसीयू विनाकारण पेट्रोल ओततो. सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

पायरी ३ : गळती शोधणं

चांगल्या गॅरेजात धुराचं यंत्र असतं. नळीत धूर सोडला की भेग स्वतःच दिसते. ते सर्वांत भरवशाचं. घरी करायचं तर इंजिन थंड असताना सुरू करून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा; पाणी भेगेत ओढलं गेलं की क्षणभर आयडलिंग बदलतं. कॉइल आणि कनेक्टर टाळा. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारून बघायची जुनी सवय सोडून द्या, तापलेल्या मॅनिफोल्डवर ते पेटतं.

बघायच्या जागा: ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या हवेची नळी, पर्ज व्हॉल्व्हची नळी, एअरबॉक्स ते थ्रॉटलमधला नालीदार रबर. नालीदार रबर वाकवून आतल्या घड्या बघा, भेग तिथेच असते आणि वरून दिसत नाही. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकचं रबरही विसरू नका.

पायरी ४ : सेन्सर आणि कनेक्टरची सफाई

डिचोलीहून एक तरुण आला होता. ‘बाब, तेल लावायचा कापडी एअर फिल्टर घातल्यापासून गाडी ओव्हरटेकला अडखळते. पेट्रोल पंप बदलायला सांगितलाय एकाने.’ आकडे घेतले. आयडलिंगला ट्रिम अधिक ४, २,५०० ला अधिक १६. मॅफ काढून उन्हात धरला तेव्हा तारेवर पिवळसर चमक होती, आणि त्या चमकेला लाल धूळ चिकटलेली. कापडी फिल्टर धुऊन त्याला तेल लावताना सढळ हाताने ओतलं होतं. ते हवेबरोबर उडून तारेवर बसलं. थर बसलेली तार कमी गार होते, म्हणून हवा कमी मोजते, म्हणून पेट्रोल कमी. मॅफ क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवला, फिल्टरचं जादा तेल कागदाने टिपलं, जुनी ट्रिम पुसली. पुन्हा चालवून आल्यावर २,५०० ला अधिक ३. पंप होता तसाच राहिला.

मॅफ धुताना दुसरा कुठलाही स्प्रे वापरू नका. ब्रश, कापूस, हवेची तोटी, काहीही लावू नका, तार तुटते. मोजमाप बरोबर आहे का, हे हिशोबाने पडताळता येतं: १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ५,००० आरपीएमला सेकंदाला जास्तीत जास्त ५० लिटर हवा ओढेल, आपल्याकडच्या उष्ण हवेत ती सुमारे ५७ ग्रॅम. इंजिन कधीच शंभर टक्के भरत नाही. ८५ टक्के धरले तर पूर्ण रेसला ४८–४९ ग्रॅम दिसायला हवेत. ३५ दिसले तर मॅफ खोटं बोलतोय किंवा वाट तुंबली आहे.

कनेक्टरसाठी: बॅटरीची उणे तार काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, पिना सैल झाल्या असतील तर घट्ट करून घ्या, रबरी सीलला पातळ सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. मग बॅटरी जोडा. इंजिन चालू असताना सेन्सरच्या ग्राउंड पिनेपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत व्होल्टेज मोजलं तर ०.१ च्या खाली यायला हवं. किनारपट्टीवरच्या गाड्यांत ग्राउंडचा नट गंजलेला असणं अगदी नेहमीचं. एका खराब ग्राउंडने तीन-चार सेन्सर एकदम चुकतात.

थ्रॉटल बॉडी साफ केली तर नंतर कंपनीच्या पद्धतीने आयडलिंग रिलर्न करून घ्या, नाहीतर गाडी सिग्नलला बंद पडेल आणि सफाईलाच दोष लागेल.

पायरी ५ : फिल्टर बदलायची गरज आहे का?

हा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा प्रश्न आहे, म्हणून इथे थांबतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. तुंबलेल्या फिल्टरने गाडी रिच होते, हे कार्ब्युरेटरच्या काळचं खरं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की पेट्रोलही कमी दिलं जातं. त्यामुळे घाणेरड्या फिल्टरने मुख्यतः पूर्ण रेसची ताकद घटते. अ‍ॅव्हरेजवर परिणाम फार थोडा.

आता मोजा. चावी ऑनवर असताना मॅपचा जो आकडा मिळाला तो बाहेरचा दाब. मोकळा, सुरक्षित, चढाचा रस्ता निवडा. शेजारी बसलेल्याने फोन बघायचा, चालकाने नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेच्या आत, पूर्ण रेस देऊन आरपीएम वर जाऊ द्या आणि मॅपचा आकडा नोंदवा. टर्बो नसलेल्या गाडीत बाहेरचा १०० आणि पूर्ण रेसला ९७ आला, तर फिल्टर, नळी, थ्रॉटल सगळं मिळून फक्त ३ टक्के अडवत आहेत. म्हणजे जगातला सर्वोत्तम फिल्टर बसवला तरी ३ टक्क्यांच्या वर हवा वाढणार नाही, आणि त्यातलाही काही वाटा थ्रॉटलचा आहे. ९२–९३ आला तर आधी साधा कागदी फिल्टर नवा घालून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

बॉनेटच्या आत उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला की आवाज दमदार येतो आणि गाडी पळते असं वाटतं. पण तो इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. पर्वरीच्या गर्दीत बॉनेटखालची हवा सहज ६० अंशांवर जाते. ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेपेक्षा ती साडेसात टक्क्यांनी विरळ असते. तीन टक्के मिळवायला साडेसात घालवायचे, असा तो व्यवहार. कंपनीची नळी ग्रिलमागून किंवा फेंडरमधून हवा का घेते, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. पटत नसेल तर आयएटीचा आकडा फिल्टर बदलण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्यावर बघा.

नळीचा व्यास बदलणं त्याहून धोक्याचं. मॅफ हा प्रत्यक्षात तारेजवळच्या हवेचा वेग बघतो आणि कंपनीच्या नळीचा व्यास गृहीत धरून एकूण हवा काढतो. तोच सेन्सर ६० मिलिमीटरच्या नळीतून काढून ६५ च्या नळीत बसवला, तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं आणि गाडी तेवढीच लीन होते. सावकाश चालवताना ट्रिम ते भरून काढते. पूर्ण रेसला साठवलेली लाँग टर्म ट्रिम काही गाड्यांत लागू होते, काहींत नाही. नॉकिंग आणि जळालेला व्हॉल्व्ह हा त्याचा शेवट असू शकतो.

पावसाळ्याचा विचार तर करायलाच हवा. खाली बंपरमागे उतरवलेली नळी पाणी भरलेल्या रस्त्यावर पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गोव्यात जून ते सप्टेंबर अशी गाडी चालवू नये, हे माझं ठाम मत.

बाजारात ‘पॉवर चिप’ नावाने एक डबी मिळते. बहुतेकांत आयएटीच्या वायरीत घालायचा रेझिस्टर असतो. ४५ अंशांची हवा २० अंशांची भासवली की ईसीयू साडेआठ टक्के जादा पेट्रोल द्यायला बघतो. ऑक्सिजन सेन्सर ते लगेच कापतो, आणि जिथे कापू शकत नाही तिथे मिश्रण गरजेपेक्षा रिच होतं, इग्निशनचं टायमिंगही चुकतं. ताकद वाढत नाही, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र तापतो. पैसे वाचवा.

पायरी ६ : बाईकची गोष्ट वेगळी

बाईकवर मूठ पिळल्यावर पेट्रोल थ्रॉटलच्या तक्त्यातून येतं, आणि तक्त्याला तुमच्या नव्या फिल्टरची खबर नसते. एअरबॉक्सच्या झाकणाला भोकं पाडली, मोकळा सायलेन्सर लावला, हवा १० टक्क्यांनी वाढली, पेट्रोल जुनंच. मूठ सोडताना सायलेन्सरमध्ये फट्‌फट् आवाज, मधल्या आरपीएमला खड्डा, इंजिन नेहमीपेक्षा गरम. शिवाय एअरबॉक्सचा आकारमान मधल्या आरपीएमला सिलिंडर भरायला मदत करतो. तो काढला की शहरात लागणारा टॉर्क जातो, मिळतो तो वरचा, जो आपल्या अरुंद वळणाच्या रस्त्यांवर क्वचितच वापरायला मिळतो.

बदल करायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी मूळ अवस्थेत नोंद. मग एकच बदल, पुन्हा नोंद. फिल्टर आणि सायलेन्सर एकाच दिवशी बदलले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. त्यानंतर रुंद पट्ट्याचा, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा, ऑक्सिजन सेन्सर लावून डायनोवर (जागच्या जागी गाडी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) पेट्रोलचा तक्ता नव्याने भरून घ्या. पूर्ण मुठीला शुद्ध पेट्रोलच्या मापात १२.८ ते १३.२ आणि सावकाश चालीत लॅम्डा १ हे लक्ष्य. ऑक्सिजन सेन्सरला फसवणारी स्वस्त जोडणी फक्त सावकाश चालीत पेट्रोल वाढवते, पूर्ण मुठीला तिचा उपयोग नाही, म्हणजे जिथे गरज तिथे ती गैरहजर.

कायद्याचं भानही ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. फिल्टरची वडी बदलणं ही देखभाल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं किंवा मोकळा सायलेन्सर लावणं हा फेरफार. वॉरंटीतल्या गाडीचा विचार आधी सर्व्हिस सेंटरला विचारूनच करा.

पायरी ७ : पुसणं, पुन्हा शिकणं, पीयूसी

दोष सापडून दुरुस्त झाला की कोड आणि लाँग टर्म ट्रिम पुसा. दोष तसाच ठेवून पुसण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत सगळं परत येतं. पुसल्यावर ईसीयूला पुन्हा शिकायला वेळ द्या: थंड स्टार्ट, शहरातली थांबत-थांबत चाल, हायवेवर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटं, आणि गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडलेले दोन-चार उतार. फोंडा ते पणजी आणि परत एवढ्यात बहुतेक होतं. नंतर पायरी १ आणि २ चे आकडे पुन्हा घेऊन जुन्यांच्या शेजारी लिहा.

पीयूसीला ट्रिम पुसल्याबरोबर जाऊ नका आणि थंड इंजिन घेऊनही जाऊ नका. चारचाकीच्या चाचणीत रेस धरून लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये आहे का ते बघतात. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर पुरते तापले नसतील तर चांगली गाडीही तिथे अडकते. चाचणीच्या रांगेत उभं राहावं लागलं तर इंजिन बंद करून कन्व्हर्टर गार होऊ देऊ नका, आणि चालकाच्या खुर्चीतून स्वतःच अ‍ॅपवर कूलंट ८० च्या वर आहे ना आणि शॉर्ट टर्म ट्रिम शून्याभोवती हलते आहे ना, एवढं बघून मग नळी लावू द्या.